पैठणी आणि बोकडाचं मलम

गुलमंडीवर साड्यांची दुकानं पुष्कळ आहेत, पण लग्नाची पैठणी घ्यायची असली की जुनी गिऱ्हाइकं एका ठरावीक दुकानाच्या पायऱ्या चढतात आणि चपला काढता काढताच विचारतात, "पिंगळीकर आहेत का?" ते जेवायला गेलेले असले तर बायका बाहेर चहा घेऊन परत येतात, पण दुसऱ्या कुणाच्या हातून साडी बघत नाहीत.

हेमचंद्र पिंगळीकरांचं घराणं भिक्षुकीचं. आजोबांनी गावोगाव सत्यनारायण सांगितले, वडील कचेरीत कारकून झाले, आणि हेमचंद्र बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला अडकल्यावर निकाल लागेपर्यंत काहीतरी करावं म्हणून या दुकानात आले. निकाल लागला, तो काही सांगण्यासारखा नव्हता, आणि ते दुकानातल्या पांढऱ्या गादीवरच मांडी घालून राहिले. आता केस गेले आहेत, चष्म्याचा नंबर वाढला आहे. पण घडी उचलून मनगटाला जो एक हलका झटका देतात, त्यानं अख्खी पैठणी गिऱ्हाइकाच्या मांडीपर्यंत वाहत जाऊन अशी थांबते, की समोरच्या बाईला वाटावं ती आपणहूनच आली. कुणी फारच घुटमळायला लागलं तर ते उठून उभे राहतात, चौकडीच्या शर्टावर मोरांचा पदर घेतात आणि अगदी गंभीरपणे सांगतात, "हे असं दिसेल." नवखी गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावतात. साडी मात्र घेऊन जातात.

अशा माणसाचे हात दर थंडीत फुटायचे. बोटांची टोकं सुरणासारखी खरबरीत व्हायची, अंगठ्याला चिरा पडायच्या. थोडं खोबरेल चोळलं की संक्रांतीनंतर आपोआप बरे व्हायचे. पण मागच्या वर्षी मालक गोकुळशेठनी दुकानात नवा एसी बसवला. आधीच इथली थंडी कोरडी, त्यात दिवसभर ती हवा अंगावर. दिवाळी सरते न सरते तोच पिंगळीकरांचे हात असे झाले, की गालावरून फिरवले तर दाढीचाच आवाज यावा.

त्याच आठवड्यात चितेगावहून आशाबाई आल्या, लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. लेक सोनिया बरोबर होती. ती तिकडच्याच एका कंपनीत ऑफिसला कामाला होती. घरची शेती, थोडी जमीन कंपन्यांकडं गेलेली, आणि आशाबाईंचं बोलणं पांदीवरून हाक मारल्यासारखं. पिंगळीकरांनी जांभळी पैठणी उलगडली. पदरावरून तळवा फिरवत "बघा, जर कशी उठलीय" म्हणाले, आणि जर खरोखरच उठली. अंगठ्याच्या चिरेत एक धागा अडकला आणि सरसर ओढला गेला. मोराची मान कडेला गेली.

आशाबाईंनी साडीकडं पाहिलं नाही. त्यांनी पिंगळीकरांचा हात धरला, उलटा केला, बाजारात वांगं बघावं तसा उजेडात धरला.

"आवं, हात हाय का कानस? ह्यानं तर आमचं खुरपं पाजळून निघंल," त्या म्हणाल्या. "ह्याला बोकडाची चरबी लावा. आमच्याकडं टाचा फुटल्या की तेच. लई गुण."

सोनियानं आईला गप्प केलं आणि पर्समधून एक छोटी डबी काढली. ती सुट्टीच्या दिवशी घरीच हे मलम करायची, मोबाईलवरून विकायची. झाकणावर तिनं पानाफुलांचं चित्र लावलं होतं, त्यात बोकड कुठंच नव्हता. पण ती सरळ होती. "काका, आत चरबी आहे, मेण आहे आणि थोडा कापूर. आधीच सांगते, म्हणजे नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको."

ज्या माणसानं अंडं असेल म्हणून आयुष्यात कुणाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला नाही आणि जो चातुर्मासात कांद्याच्या गाडीकडंही बघत नाही, त्याला हे सांगितलं होतं. पिंगळीकरांनी डबीला नमस्कार केला, म्हणजे नको म्हणण्यासाठी हात जोडले ते डबीसमोर जुळले, आणि त्यांनी दुसरी पैठणी काढायला गड्याला सांगितलं. ती त्यांनी स्वतः उलगडली नाही. आशाबाईंनीच उलगडली, गोधडी झटकावी तशी.

मग उपाय सुरू झाले. साजूक तूप लावलं तर मुंग्या लागल्या. एरंडेल लावलं तर एका आमसुली सिल्कवर पाच बोटं उमटली आणि ती साडी शेठना घरी न्यावी लागली. दुधावरची साय लावली, तिचा वास दुपारनंतर बदलला. औषधाच्या दुकानातली ट्यूब चांगली होती, पण सकाळी लावली की दुपारी हात पुन्हा होते तसे. शेवटी गोकुळशेठनी पांढरे सुती हातमोजे आणून दिले. ते घालून पिंगळीकर गादीवर बसले तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या नातवानं आता कबूतर कधी निघणार असं विचारलं. हे तरी सोसलं असतं. पण हातमोज्यातून रेशीम कळेना. कापड हाताला लागल्याशिवाय त्यांच्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता. खरी जर कुठली आणि साधी कुठली, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाटीवर वाचून सांगितलं.

शेठ तसे सभ्य. ते रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "हेमूभाऊ, थोडे दिन चादरी-टॉवेल बघा. तिथं धागा निघाला तरी कुणाला कळत नाही."

चादरी-टॉवेल तळघरात होते. पिंगळीकर तिथंही मनगटाला झटका देऊन चादर उलगडायचे. लोक म्हणायचे, "राहू द्या काका, घडी मोडू नका, द्या तशीच." असे काही दिवस गेल्यावर एका संध्याकाळी त्यांनी सोनियाला फोन केला.

पण डबी हातात आल्यावर ती उघडायचं धाडस होईना. चुलतभाऊ बद्रीनाथ पौरोहित्य करायचे. पिंगळीकर औरंगपुऱ्यात त्यांच्या घरी गेले आणि एका मित्राची अडचण म्हणून सगळी हकीकत सांगितली. बद्रीनाथांनी मित्राचे हात बघून घेतले आणि विचारलं, की तुमचा मित्र पायात काय घालतो? देवळात मृदंग वाजतो त्याला काय लावलेलं असतं? मग निकाल दिला: पोटात गेलं नाही म्हणजे झालं, सकाळी स्नान केलं की संपलं. पिंगळीकर मोकळ्या मनानं उठले, आणि अर्ध्या जिन्यात त्यांच्या लक्षात आलं की जेवतो आपण त्याच हातानं.

डबी घरात नेणं तर शक्यच नव्हतं. मीनाक्षीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, स्वयंपाकघरात परक्या घरची विळीसुद्धा येत नाही. म्हणून डबी स्कूटरच्या डिकीत राहायला लागली. दुकान सुटलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये यायचं, डिकी उघडायची, बोटाएवढं मलम काढून दोन्ही हातांना चोळायचं आणि वर जायचं. पार्किंगमधला लाल्या नावाचा कुत्रा इतकी वर्षं पिंगळीकरांवर भुंकत आला होता. पहिल्याच दिवशी तो समोर येऊन बसला आणि त्यानं पुढचा पाय उचलून त्यांच्या हातात दिला. पुढं पुढं तो स्कूटरचा आवाज ओळखून फाटकापर्यंत घ्यायला यायला लागला.

घरात आल्यावर पानावर बसायचं आणि चमचा मागायचा. वरण-भात चमच्यानं, भाजी चमच्यानं. पोळी दोन चमच्यांमध्ये धरून तोडायची, ती ताटाबाहेर उडायची. मीनाक्षीबाईंनी विचारलं तर म्हणाले, दुकानात हल्ली मोठी माणसं येतात, सवय असलेली बरी. सकाळची पूजासुद्धा त्यांनी मुलाकडं, वरदकडं, सोपवली. स्नान केलं होतं, बद्रीनाथांचा निकाल होता, पण रात्रभर मुरलेलं एका साबणानं निघालं असेल याची त्यांनाच खात्री वाटेना. वरद घरून काम करायचा. मीटिंग सुरू व्हायच्या आत तो देवांना असं काही न्हाऊ घालायचा, की बाळकृष्ण दुपारपर्यंत ओला असायचा.

हात मात्र बदलले. आधी चिरा मिटल्या, मग टोकं गुळगुळीत झाली. गोकुळशेठनी परीक्षा म्हणून एक तलम सिल्क त्यांच्या हातावरून ओढून पाहिली, ती कुठं अडखळली नाही. पिंगळीकर तळघरातून वर आले. फक्त एक झालं. पदर पुढं करून "बघा, जर कशी उठलीय" म्हटलं की समोरच्या बायका जर बघायच्या आणि मग नाक उचलून इकडंतिकडं बघायच्या. वास मोठा नव्हता, पण ओळखीचा होता. कापूर लावलेला बोकड म्हणा ना. शेठ दिवसातून चार-चार उदबत्त्या लावायला लागले आणि शेजारच्या दुकानदाराला, डब्यात काय आणतो म्हणून, आडून आडून विचारून आले.

घरी मीनाक्षीबाईंचा वेगळाच हिशोब चालला होता. चमच्यानं जेवण, पूजा सोडलेली, चौकशी केली की नजर चुकवणं. त्यांच्या एका मावसदिरांना अर्धांगवायू झाला तेव्हा सुरुवात अशीच झाली होती, हातातून घास सुटायचा. त्यांनी पुण्याच्या लेकीला, चारुताला, फोन केला. ती म्हणाली, आई, आधी डॉक्टर. मग एका सकाळी त्यांनी नवऱ्याला स्कूटरवर मागं बसून औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडं नेलं. कशासाठी ते सांगितलं नाही. पिंगळीकरांना वाटलं, बायकोचीच तब्येत दाखवायची असेल; कारण हल्ली त्या फार चिडचिड्या झाल्या होत्या आणि सकाळी डोकं धरून बसायच्या.

डॉक्टरांनी पिंगळीकरांना मुठी आवळायला लावल्या, नाकाला बोट लावायला लावलं, शर्टाची बटणं काढून पुन्हा लावायला सांगितली. कसलाच दोष सापडेना. मग त्यांनी तळवा उलटा केला आणि त्यावरून दोनदा अंगठा फिरवला.

"काय लावता?"

"मलम आहे. घरगुती."

"कशाचं?"

पिंगळीकरांनी मीनाक्षीबाईंकडं पाहिलं. त्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत होत्या. "प्राण्याचं," ते म्हणाले.

"कोणत्या? माझ्या रोग्यांना सांगायचं म्हणून विचारतोय."

"बोकड."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं, चालू ठेवा म्हणाले, फक्त पुरळ आलं तर थांबवा, आणि फी घेतली.

खाली उतरल्यावर पिंगळीकरांनी सगळं सांगून टाकलं. मोराची मान, हातमोजे, तळघर, बद्रीनाथांचा निकाल, डिकी. मीनाक्षीबाई स्कूटरजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना राग आला होता की रडू येत होतं ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे हात चालतात तुमचे?"

"चालतात की. त्यांना काय झालंय?"

"मग चला समोर."

समोर भज्यांची गाडी होती. त्यांनी तिथल्या नळावर नवऱ्याचे हात धुवायला लावले. एकदा धुतले, पुन्हा धुवा म्हणाल्या. तिसऱ्यांदा गाडीवाल्याकडून भांडी घासायची पावडर मागून घेतली. मग बटाट्याच्या भज्यांची प्लेट समोर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. हातानं."

पिंगळीकर चटणी लावून भजं खायला लागले. भर बाजारात बायको समोर उभी राहून आपला घास मोजतेय म्हटल्यावर त्यांनी मान खाली घालून घाईघाईनं दुसरं उचललं. दोन भजी पोटात गेलेली पाहिली, तेव्हा मीनाक्षीबाई शेजारच्या टपरीकडं वळल्या आणि चहा सांगितला. तो त्यांनी उभ्या उभ्या, बशीत न ओतता, चटके सोसत संपवला आणि दुसरा सांगितला.

तेव्हा उलगडा झाला. हे हातानं जेवत नाहीत तोवर चहा घेणार नाही, असा त्यांनी सुपारी मारुतीला नवस बोलला होता. ज्या बाई सकाळी चहा झाल्याशिवाय दूधवाल्याशीसुद्धा बोलत नाहीत, त्या इतके दिवस गरम पाणी पीत होत्या.

"अगं, मला विचारायचं तरी," पिंगळीकर म्हणाले.

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दुकानात मोठी माणसं येतात." त्यांनी दुसरा कप खाली ठेवला. "एका बोकडापायी मी पित्तानं मरायची वेळ आली. दाखवा बरं ती डबी."

पार्किंगमध्ये डिकी उघडली. लाल्या हजर होताच. मीनाक्षीबाईंनी नाकाला पदर लावला, डबी नवऱ्याच्या हातातच राहू दिली आणि हातभर अंतरावरून वास घेतला. मग पदर काढून आणखी एकदा घेतला. पिंगळीकर शब्द ऐकून घ्यायच्या तयारीत उभे होते.

"करपलंय हे," त्या म्हणाल्या.

मीनाक्षीबाईंच्या हातचं तूप सोसायटीत प्रसिद्ध आहे. लोणी सात पाण्यांनी धुतल्याशिवाय त्या कढईला लावत नाहीत, आणि कढताना गॅसजवळून हलत नाहीत. रवाळ, दाणेदार तूप होतं. दुसऱ्या कुणी तूप कढवलं तर दारातूनच सांगतात, बेरी जळली. बोकड असो की म्हैस, स्निग्ध पदार्थ कुणीतरी मोठ्या आचेवर ठेवून दुसऱ्या खोलीत निघून गेलंय, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिथंच सोनियाला फोन लावला.

सोनियानं आधी भीतभीत सांगितलं, की हो, कढई ठेवून मी मोबाईलवर ऑर्डरी बघत असते. मग सूचना सुरू झाल्या. चरबी आधी बारीक कापायची, थंड पाण्यात रक्ताचा अंश जाईपर्यंत धुवायची. कढईत पाणी आणि मिठाचा खडा टाकायचा. गॅस बारीक, उकळी येऊ द्यायची नाही. गाळायचं, गार झालं की वर थर धरतो तो उचलायचा, खालचा मळ सुरीनं खरवडून टाकायचा, आणि परत पहिल्यापासून. कापूर बंद, वास लपवायचा कशाला, नाहीसाच करायचा. मागून आशाबाईंचा आवाज आला, "बाई, तुम्हाला वो कसं म्हाईत ह्ये?" मीनाक्षीबाई म्हणाल्या, तुपाचंच शास्त्र आहे, फक्त जनावर वेगळं.

पुढच्या डबीचा वास इतका कमी झाला, की लाल्यानं दोनदा हात हुंगून पाय परत घेतला आणि पुन्हा भुंकायला सुरुवात केली. गोकुळशेठची उदबत्ती एकावर आली. मीनाक्षीबाईंनी नियम घालून दिले: डबी चपलांच्या स्टँडवर सर्वांत वरच्या कप्प्यात राहील, मलम जेवणानंतर लावायचं, सकाळी शिकेकाईनं हात धुऊन पूजा स्वतः करायची. बाळकृष्ण कोरडा झाला.

त्या स्वतः मात्र अजून त्या डबीला बोटसुद्धा लावत नाहीत. लग्नाच्या आदल्या आठवड्यापर्यंत सोनिया दर रविवारी कढई चढवली की फोन करायची, आता सासरहून करते. मीनाक्षीबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, फोन स्पीकरवर ठेवतात, आणि कढईचा आवाज ऐकून सांगतात. असल्याच एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या तनुजाताई भिशीचं विचारायला वर आल्या होत्या. दार उघडंच होतं. आत मीनाक्षीबाई बोलत होत्या, "दोन किलो आणलीस ना? बोकड कोवळा होता का? मग पांढरी शुभ्र असणार. अगं, बारीक काप म्हणजे आतपर्यंत शिजते."

तनुजाताई आल्या पावली खाली गेल्या. चार दिवसांनी त्यांनी मीनाक्षीबाईंना जिन्यात गाठलं, मागंपुढं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, तुम्ही रस्सा काळ्या मसाल्यात करता का हिरव्या?"

मीनाक्षीबाईंनी तिथंच पायरीवर बसून सगळी हकीकत सांगितली. हात, पैठणी, चितेगाव, मलम. चपलांच्या स्टँडवरची डबी आणून दाखवली. तनुजाताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मी कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंसुद्धा यांच्या आईंना चालत नाही. पण मला फार आवडतं हो."

त्यानंतर रविवारी दुपारी पिंगळीकरांच्या दारावर टकटक होते. तनुजाताई कधी साखर मागतात, कधी विरजण, आणि उंबऱ्यात उभ्या राहून आतल्या स्वयंपाकघराकडं बघतात. मीनाक्षीबाई त्यांना साखर देतात, विरजण देतात. परवा एक डबीही दिली. तनुजाताईंनी ती घेतली, उघडून वास घेतला, आणि त्यांचा चेहरा पडला तो मीनाक्षीबाईंना नीट दिसला. तरी पुढच्या रविवारी त्या वाटी घेऊन आल्याच.